अखेर एक वाचक मिळाला

मराठी घरात सगळ्यात जपून ठेवलेला आणि सगळ्यात कमी वाचलेला ग्रंथ म्हणजे मिक्सरची माहितीपुस्तिका. मिक्सर जळतो, भंगारात जातो, त्याच्या जागी दुसरा येतो; पण पहिल्याची पुस्तिका ओट्याखालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, वॉरंटी कार्डासकट कोरी करकरीत असते. ती फेकवत नाही आणि वाचवतही नाही. मी पोटापाण्यासाठी अशाच पुस्तिका लिहिते. मिक्सरच्या नव्हे, सॉफ्टवेअरच्या. पण वाचकसंख्येत फारसा फरक नाही. इतकी वर्षं लिहितेय, माझ्या लेखनावर कधी कुणी टीका केली नाही. पुण्यात राहून हे भाग्य लाभलेली मी एकटीच लेखिका असेन.

त्यामुळे मॅनेजर जेव्हा म्हणाला, "आपल्या फाइल हलवायच्या टूलचं डॉक्युमेंटेशन नव्याने लिहायचंय, आणि ते एआय एजंट वाचणार आहेत," तेव्हा माझ्या कानात फक्त शेवटचे दोन शब्द शिरले. वाचणार आहेत!

फाइल हलवणे म्हटल्यावर कुणाला मंत्रालय आठवलं तर त्यात त्याचा दोष नाही. पण त्या फाइलींवर मराठीत भरपूर विनोद होऊन गेलेत आणि फाइली होत्या तिथेच आहेत. ही फाइल कॉम्प्युटरमधली. बिलं, अहवाल, स्कॅन केलेली कागदपत्रं एका सर्व्हरवरून उचलायची आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवायची, एवढंच आमच्या टूलचं काम. आणि एजंट म्हणजे प्रश्नाला उत्तर देऊन गप्प न बसता स्वतःच आज्ञा चालवून कामं उरकणारा प्रोग्रॅम. त्याच्या हाती टूलची यादी देतात: प्रत्येकाचं नाव, चार ओळींचं वर्णन, कोणती माहिती भरायची त्याचे रकाने. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला, तेव्हापासून ही यादी मांडायची रीत बरीचशी ठरून गेली आहे. एजंट त्या चार ओळी वाचतो आणि कामाला लागतो. टूलच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी टूल म्हणजे मी लिहिलेलं वर्णन. माझ्या शब्दाला इतका मान माझ्या घरातसुद्धा नाही.

हा वाचक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तळटीपही सोडत नाही. आज वाचलेलं उद्यापर्यंत विसरतो, म्हणून उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचतो. आणि वाचलेलं सगळं खरं मानतो. महिनाभर मी हवेत होते. मग मी आधी माणसांसाठी काय लिहून ठेवलंय ते एकदा काढून पाहिलं आणि मला दरदरून घाम फुटला.

कारण माणसांसाठी लिहिताना मी मनोमन एका गोष्टीवर विसंबलेली होते: माणसाचा आळस. "फाइली योग्य त्या फोल्डरमध्ये हलवाव्यात" असं वाक्य माणसापुढे टाकलं की तो चहाला जातो. चहा घेऊन आल्यावर शेजारच्याला विचारतो, "योग्य ते म्हणजे कुठलं रे?" शेजारचा म्हणतो, "राहू दे, उद्या बघू." उद्या शनिवार असतो. या सगळ्या काळात फाइल सुखरूप असते. कितीतरी कंपन्यांचा डेटा या एका कारणाने टिकून आहे आणि त्याचं श्रेय बॅकअपवाले घेतात. एजंट चहा पीत नाही. 'योग्य ते' म्हणजे काय ते तो स्वतःच ठरवतो, क्षणार्धात, प्रसन्न चित्ताने, आणि हलवून मोकळा होतो. आजीच्या गोष्टीतला सांगकाम्या निदान एका वेळी एकच घोळ घालायचा. हा मिनिटाला शेकड्यांनी फाइली हलवतो.

तेव्हा या वाचकासाठी लिहायचं म्हणजे टूल कसं चालतं एवढंच सांगून भागत नाही. माणूस जिथे आपसूक बिचकतो, तिथलं ते बिचकणंसुद्धा लिहून द्यावं लागतं.

फाइल हलवण्यात बिचकण्यासारखं ते काय, असं वाटेल. मूळ आज्ञा तर दोन अक्षरांची आहे: एमव्ही. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, त्याची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तिच्यात ती आहे. आणि आजही लिनक्सवर किंवा मॅकवर फाइल हलवताना तीच टाइप करतात. त्या पुस्तिकेच्या पानांवर 'बग्ज' असा एक ठरलेला मथळा असे. आमच्या या आज्ञेत कुठे गोची आहे ते आम्हीच सांगतो, असा सरळ मामला. हे पाहून मला धंद्यातल्या पूर्वजांबद्दल गहिवरून येतं. आमच्याकडे मी 'बग्ज' लिहिलं की मार्केटिंगवाले त्याचं 'ज्ञात मर्यादा' करतात, आणि पुढच्या आवृत्तीत ते 'वैशिष्ट्ये'मध्ये गेलेलं असतं.

पण युनिक्सवाले मितभाषी. आज्ञा यशस्वी झाली तर ती एक अक्षर बोलत नाही. बोलली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. आमच्या टूलनेही हा बाणा घेतला होता. एजंट पहिल्यांदा त्याच्यापुढे बसवला, त्या दिवशीची नोंद मी जपून ठेवली आहे. त्यात एजंट आपल्या मनातलं लिहीत जातो. मासला असा.

फाइल हलवायची आज्ञा दिली. उत्तर आलं नाही. बहुधा आज्ञा चालली नसावी, पुन्हा देतो. आता 'अशी फाइल नाही' असं उत्तर आलं. फाइल नाहीशी झाली आहे! शोध घेतो. (इथे त्याने अख्खी डिस्क पालथी घातली.) फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये सापडली. ती चुकून तिथे गेलेली दिसते. मूळ जागी परत ठेवतो. काम पूर्ण झालं.

मी ही नोंद घेऊन ज्याने टूल लिहिलं त्या इंजिनिअरकडे गेले. मुलगा सांगलीचा, कामाला वाघ, पण युनिक्सच्या बाबतीत सोवळ्यातला.

"हे टूल काम झाल्यावर चार शब्द बोलेल असं कर ना," मी म्हटलं.

"मॅडम, तसं नसतं करत. काम झालं तर गप्प बसायचं."

"अरे, पण समोरच्याला कळायचं कसं?"

"फाइल गेली की कळतंच की."

"तुला कळतं. त्याला वाटतं हरवली."

त्याने नोंद वाचली. 'मूळ जागी परत ठेवतो' या ओळीवर तो बराच वेळ थांबला. संध्याकाळी टूल बोलायला लागलं होतं: अमुक फाइल, इथून तिथे, इतके बाइट, हलवली. तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर 'ही आधीच हलवलेली आहे, काही करू नकोस.' पोरगा तत्त्वाचा पक्का, म्हणून कोडमध्ये शेजारी शेरा मारून ठेवलाय: 'मॅडमच्या आग्रहास्तव.'

त्या दिवशी निदान फाइल शाबूत राहिली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या एजंटाची बातमी आली, तिच्यात तेवढंही नशीब नव्हतं. एका माणसाने त्याला सांगितलं, या फोल्डरमधल्या फाइली नव्या फोल्डरमध्ये हलव. त्या माणसाने नंतर स्वतः काढलेला निष्कर्ष असा की, नवा फोल्डर तयार करायची आज्ञाच फसली होती. एजंटाने मात्र ती फत्ते झाली असं धरलं आणि हलवाहलवी सुरू केली. आता गंमत अशी की, फाइल ज्या फोल्डरमध्ये हलवायची तो फोल्डरच नसेल, तर हलवण्याची आज्ञा रागावत नाही. तिला वाटतं, तुम्हाला फाइलचं नाव बदलायचंय. पहिली फाइल त्या फोल्डरच्या नावाची होते. दुसरीही त्याच नावाची होते, म्हणजे पहिलीच्या उरावर बसते. तिसरी दुसरीच्या. शेवटी एकच फाइल उरते आणि तिचं नाव फोल्डरचं असतं. एजंटाने पुढे जी माफी मागितली, तितकी संपूर्ण आणि बिनशर्त माफी मी आयुष्यात कुणाकडून ऐकलेली नाही. फाइली मात्र परत आल्या नाहीत.

हा किस्सा आमच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा सगळे हळहळले. मी हळहळले नाही, मी नोंदवहीत लिहिलं: 'हलवण्याआधी फोल्डर आहे का ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर थांब.' माणसांच्या पुस्तिकेत असं वाक्य घातलं असतं तर वाचक म्हणाला असता, आम्हाला काय कुक्कुलं बाळ समजता? (म्हणाला नसता. त्याने वाचलंच नसतं.)

मग आला जुना तोडगा: टूलनेच विचारावं. एमव्हीला ती सोय पूर्वीपासून आहे. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर 'हिच्यावर लिहू का?' असं विचारते आणि उत्तराची वाट पाहते. माणसापुढे हे ठीक. एजंट पुष्कळदा ज्या खिडकीतून आज्ञा देतो तिला उत्तर टाइप करायची सोयच नसते. प्रश्न पडद्याआड विचारला जातो, टूल वाट पाहत बसतं, एजंट टूलची वाट पाहत बसतो, आणि ठरलेली वेळ संपली की दोघांनाही हाकलतात. त्यातून काही एजंटांनी शोध लावला की, युनिक्समध्ये 'येस' नावाची एक आज्ञा आहे. तिचं काम एकच, थांबवेपर्यंत 'हो, हो, हो' म्हणत राहणं. ती पुढ्यात जोडून दिली की कितीही प्रश्न येऊ देत. म्हणजे आपण पहारेकरी नेमायचा आणि त्याने प्रत्येक चोराला आधीच 'या' म्हणून ठेवायचं.

न विचारता सरळ नकार देणारा पर्यायही एमव्हीत आहे. पण लिनक्सवरच्या जुन्या ग्नू आवृत्त्यांत तो असा चाले की, फाइल आधीच असेल तर हलवायची नाही आणि तरीही 'सगळं ठीक' हा शून्य कोड द्यायचा. काम न करता काम झाल्याचा शेरा मारणे याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, पण एजंट भोळा. तो शून्य पाहून पुढे जातो आणि मूळ फाइल पुसून टाकतो. शेवटी आमच्या टूलने साधा मार्ग घेतला. त्या नावाची फाइल तिथे असेल तर काम थांबेल, चूक म्हणून ओरडेल, आणि पुढे काय करायचं तेही त्याच ओरडण्यात सांगेल. चूक कळवणारा संदेश हेही डॉक्युमेंटेशनच असतं हे माझ्या क्षेत्रात कुणाला पटवायला गेलं की लोक मान डोलावतात आणि 'एरर ४२' लिहून मोकळे होतात. एजंटासाठी पटवावं लागलं नाही. त्याला 'एरर ४२' दिलं तर तो त्याचा अर्थ स्वतः रचतो, आणि तो अर्थ फार ठाम असतो.

एक साधा प्रश्न मला कुणी कधीच विचारला नव्हता: हलवणे म्हणजे नक्की काय होतं? एकाच डिस्कवर फाइल हलवली तर दारावरची पाटी बदलते, सामानाला हातही लागत नाही. म्हणून ते एका फटक्यात होतं, झालं तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. दुसऱ्या डिस्कवर न्यायची म्हणजे टेम्पो आला. आधी सगळं सामान तिकडे पोचवायचं, मग इकडचं घर रिकामं करायचं, आणि मध्येच तिकडची जागा संपली तर अर्धा संसार त्या घरात. माणसांच्या पुस्तिकेत यावर माझं एकच वाक्य होतं: 'मोठ्या फाइलींना अधिक वेळ लागू शकतो.' एजंटांच्या पानावर त्याची वीस-बावीस वाक्यं झाली.

इतकं झाल्यावर कायदा विभागाला जाग आली. त्यांनी पानावर 'अत्यंत महत्त्वाचे' असे शब्द ठळक अक्षरांत घालायला सुरुवात केली. मग 'कोणत्याही परिस्थितीत'. मग 'कदापि'. आठवडाभरात त्या पानावर सौम्य असं एकही वाक्य राहिलं नाही. माणूस अशा पाटीखाली उभा राहून निवांत सिगारेट ओढतो. एजंट मात्र ती मनावर घेतो. आमचा इतका धास्तावला की फाइल हलवण्याआधी परवानगी मागू लागला, परवानगी दिल्यावर 'नक्की ना?' विचारू लागला, आणि नक्की म्हटल्यावर आधी फाइलींची यादी करून देऊ का, म्हणू लागला. मी एकेक 'कदापि' गुपचूप उतरवत गेले. खरंतर त्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये याची नेमस्त सोय आहे: टूल विध्वंसक आहे का, असा एक रकाना असतो. फक्त वाचणाऱ्या टूलला तो लागू नाही; बाकी कुणी तो कोरा सोडला तर टूल विध्वंसक आहे असंच धरायचं, असा नियम. सोसायटीच्या सेक्रेटरीला भाडेकरूंबद्दल हाच नियम लागू करताना मी पाहिलंय.

या सगळ्यावर कडी केली ती आपल्या लाडक्या देवनागरीने.

सांगलीकराने चाचणीसाठी आपल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो घेतले होते. फोल्डरचं नाव 'वऱ्हाड'. फोटोग्राफरच्या जुन्या मॅकवरून ते आमच्या लिनक्स सर्व्हरवर आलेले. एजंटाला सांगितलं, वऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलव. तो म्हणाला, वऱ्हाड नावाचं काही नाही. यादी काढली तर वऱ्हाड समोर दिसतंय. पुन्हा सांगितलं, त्याने सेवाभावाने एक नवा, रिकामा 'वऱ्हाड' फोल्डर करून दिला. आता यादीत एकाखाली एक दोन वऱ्हाडं, वेलांटीचा काय, मात्रेचाही फरक नाही, आणि एकात माणूस नाही.

झालं होतं ते असं. युनिकोडमध्ये मराठीचा 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, अखंड अक्षर म्हणून. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावातली अशी अक्षरं फोडून ठेवायची. लिनक्स फोडतही नाही आणि जोडतही नाही. बाइट जुळले तर नाव तेच, नाहीतर वेगळं. 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल', 'कर्मचाऱ्यांची यादी', 'शेतकऱ्यांचे अर्ज', ज्या ज्या नावात हा 'ऱ' आहे ती प्रत्येक फाइल समोर असून नसल्यासारखी होऊ शकते. इंग्रजी डॉक्युमेंटेशनच्या एकाही नमुन्यात मला हे सापडलं नव्हतं, त्यांच्याकडे वऱ्हाड नसतं. शेवटी आमच्या टूलने नावाऐवजी यादीतला क्रमांक घ्यायला सुरुवात केली, आणि मी पानावर लिहिलं: 'नाव स्वतः टाइप करू नकोस. यादीतला क्रमांक दे.'

दुसरं दुखणं नावाच्या लांबीचं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचे तीन-तीन वेगळे मोजतात. म्हणजे हाती राहिली ८५ चिन्हं. 'सन २०२३-२४ या आर्थिक वर्षातील प्रलंबित देयकांच्या मंजुरीबाबत सुधारित मार्गदर्शक सूचनांचे एकत्रित परिपत्रक' हे नाव विंडोजवर आरामात मावतं. लिनक्स म्हणतं, नाव फार लांब. एजंटाने यावर तोडगा काढला: नाव छोटं करून 'परिपत्रक' ठेवलं. पुढच्या फाइलचंही तेच केलं. तिच्या पुढचीचंही. त्या वेळी 'आधीच असेल तर थांब' हा नियम यायचा होता, त्यामुळे प्रत्येक नव्या परिपत्रकाने आधीचं परिपत्रक खऱ्या अर्थाने अधिक्रमित केलं. चाचणीची नक्कल होती म्हणून निभावलं.

असं करत करत पान पुरं झालं. छोटी वाक्यं, प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट, 'आवश्यकतेनुसार' नाही, 'इत्यादी' नाही. अंतर्गत वापरासाठी टाकलं आणि काही दिवसांनी वाचनाची आकडेवारी पाहिली, तर त्यात एजंटांखेरीज माणसंही होती. हेल्पडेस्कवाले, ऑडिटवाले, सांगलीकर तर रोज. माझ्या दोनशे पानी सचित्र पुस्तिकेला जे जमलं नाही ते या रुक्ष पानाने केलं होतं. हेल्पडेस्कची एक मुलगी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, ते रोबोटांचं पान फार छान आहे हो, आमच्यासाठी पण असं काहीतरी लिहा ना."

आता एकच ओळ अडली आहे, शेवटची. मी लिहिलं होतं: 'खात्री नसेल तर माणसाला विचार.' एजंटाने पहिल्याच दिवशी विचारलं, कोणत्या माणसाला? प्रश्न रास्त होता. 'जुने_जपून_ठेवा' नावाचा एक फोल्डर आमच्याकडे आहे. त्यावर लिहायचं की नाही, तो हलवायचा की नाही, हे कुणाला माहीत? मॅनेजर म्हणाला, इन्फ्रावाल्यांना विचारा. इन्फ्रावाले म्हणाले, तो फोल्डर अकाउंट्सचा. अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हापासून तो तिथेच आहे, आम्ही नाही हो हात लावत." ज्याने तो केला तो गृहस्थ कंपनी सोडून कॅनडाला गेला आहे आणि फेसबुकवर फक्त बर्फाचे फोटो टाकतो.

एजंटासाठी 'माणूस' म्हणजे कोण, हे ठरवायला सगळ्या विभागांची बैठक लावली होती. ती दिवाळीनंतर घेऊ म्हणाले. तोवर एजंट थांबला आहे आणि फोल्डर आहे तिथेच आहे.